विश्लेषण : 'पायलटची चूक' हे उत्तर की नुसती सुरुवात? विमान आणि अंतराळ अपघातांचा तपास नेमका कसा होतो?

विमान कोसळल्याची बातमी येते. दहा मिनिटांत मोबाइलवर पहिला व्हिडीओ येतो आणि अर्ध्या तासात 'कारण'ही येते. पक्षी धडकला, इंजिन बंद पडले, वैमानिक चुकला... १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे बोइंग ७८७ विमान कोसळले तेव्हाही असेच झाले. विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा आणि जमिनीवरील १९ जणांचा या अपघातात बळी गेला. महिनाभराने प्राथमिक अहवाल आला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांचे इंधन-स्विच साधारण एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून 'कटऑफ'वर गेले, अशी नोंद त्यात होती. इंधन का बंद केलेस, असे एक वैमानिक दुसऱ्याला विचारतो आणि मी केले नाही, असे दुसरा सांगतो, हेही अहवालात आले. म्हणजे काय घडले याचा एक मोठा भाग समजला. पण ते का घडले, याचा निष्कर्ष त्या अहवालाने काढला नव्हता.

'काय' आणि 'का' यांच्यातले हे अंतर कापण्यासाठी तपास पथकांना महिने, कधी कधी वर्षे लागतात. हे काम कसे चालते आणि त्यात अडचणी कोणत्या, ते समजून घेऊ.

तपास कोण करते आणि कशासाठी?

नागरी विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या 'आयकाओ' या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या करारातील तेराव्या परिशिष्टात अपघात तपासाची चौकट दिलेली आहे. अपघात ज्या देशात झाला, तो देश तपासाचे नेतृत्व करतो. विमानाची नोंदणी, विमान चालवणारी कंपनी, आराखडा आणि उत्पादन ज्या देशांशी संबंधित आहे, त्या देशांचे प्रतिनिधीही सहभागी होतात. प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यायचा असतो. अंतिम अहवाल शक्यतो १२ महिन्यांत अपेक्षित असतो. तो झाला नाही, तर दर वर्षी तपास कुठवर आला, हे जाहीर करावे लागते.

याच परिशिष्टातील सर्वात महत्त्वाचे तत्त्व असे की, तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे. दोष कोणाचा आणि भरपाई कोणी द्यायची, हे ठरवणे हा त्याचा हेतू नाही. त्यासाठी पोलीस आणि न्यायालये आहेत. हे तत्त्व केवळ सौजन्यापोटी आलेले नाही. आपले प्रत्येक वाक्य उद्या आपल्याच विरोधात वापरले जाईल, अशी भीती वाटली तर देखभाल तंत्रज्ञ, नियंत्रण कक्षातील अधिकारी किंवा बचावलेला वैमानिक मोकळेपणाने बोलणार नाही. आणि तो बोलला नाही, तर तीच चूक दुसऱ्या विमानात तशीच राहील.

भारतात पूर्वी अपघातांच्या तपासातही नियामक असलेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा म्हणजे डीजीसीएचा मोठा सहभाग असे. पण अपघातात नियामकाचीच त्रुटी असेल तर? म्हणून २०१२ मध्ये विमान अपघात तपास विभाग अर्थात एएआयबी स्वतंत्रपणे स्थापन झाला. अंतराळ मोहिमांसाठी मात्र जगभर लागू होणारी अशी चौकट नाही. तिथे संबंधित संस्था किंवा सरकार प्रत्येक वेळी वेगळी समिती नेमते.

पहिले काही तास का महत्त्वाचे?

अपघातस्थळी पहिले काम जीव वाचवण्याचे असते. अग्निशमनाचे पाणी, क्रेन, बघ्यांची गर्दी आणि पाऊस यांमुळे पुरावे हलतात, पण त्याला इलाज नसतो. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची जागा नोंदवली जाते, छायाचित्रे घेतली जातात, अवशेषांचा नकाशा तयार होतो.

हा नकाशा बरेच काही सांगतो. विमानाचे नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांची टोके एकाच ठिकाणी सापडली, तर विमान अखंड अवस्थेत आदळले असण्याची शक्यता वाढते. शेपटीचा भाग काही किलोमीटर मागे पडलेला असेल, तर विमान हवेतच तुटले, असा संशय येतो. इंजिनाची पाती कशी वाकली आहेत, यावरून आदळताना ते फिरत होते का, हे कळते. जुन्या विमानांतील धोक्याच्या दिव्यांच्या तारांवरूनही माहिती मिळते. दिवा पेटलेला असेल तर त्याची गरम तार धक्क्याने ताणली जाते, विझलेला असेल तर थंड तार तुटते.

धातूही साक्ष देतो. इंजिनीअरिंगला मटेरियल सायन्सचे प्रॅक्टिकल केलेल्यांना आठवेल, एका झटक्यात तुटलेला धातू आणि हजारो वेळा ताण बसून हळूहळू तडकत गेलेला धातू, यांचे तुटलेले पृष्ठभाग वेगळे दिसतात. दुसऱ्या प्रकाराला 'फटीग' म्हणजे धातूचा थकवा म्हणतात.

या थकव्याचा सर्वात प्रसिद्ध तपास १९५४ मधला आहे. 'कॉमेट' हे जगातील पहिले प्रवासी जेट विमान. मे १९५३ मध्ये एक कॉमेट कोलकात्याजवळ वादळात कोसळले. जानेवारी १९५४ मध्ये दुसरे इटलीच्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडले आणि एप्रिलमध्ये तिसरे. ब्रिटनमधील फार्नबरो येथील संशोधकांनी एका अख्ख्या कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवला. आतील पाण्याचा दाब वाढवत आणि कमी करत त्यांनी हजारो उड्डाणांचा ताण त्याच्यावर टाकला. अखेर सांगाडा फाटला. वारंवार बदलणाऱ्या दाबाने धातू थकत होता आणि खिडक्यांसारख्या कापलेल्या जागांच्या कोपऱ्यांशी ताण एकवटत होता. त्यानंतर प्रवासी जेट विमानांची रचनाच बदलली.

ब्लॅक बॉक्स सापडला की सगळे कळते का?

याच कॉमेट अपघातांवर काम करताना ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ डेव्हिड वॉरन यांना कॉकपिटमधील आवाज नोंदवणाऱ्या यंत्राची कल्पना सुचली. आज विमानात साधारणपणे दोन नोंदी होतात. वेग, उंची, इंजिन, नियंत्रणे यांची आकडेवारी फ्लाइट डेटा रेकॉर्डरमध्ये जाते आणि कॉकपिटमधील आवाज व्हॉइस रेकॉर्डरमध्ये. नाव 'ब्लॅक' असले तरी शोधायला सोपे जावे म्हणून पेटी भडक नारिंगी असते. ३४०० जी इतका धक्का, १,१०० अंश सेल्सिअसची आग आणि समुद्रतळाचा प्रचंड दाब ती सहन करू शकते.

पण ती सापडायला हवी. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे रिओहून पॅरिसला निघालेले विमान २२८ जणांसह अटलांटिक महासागरात नाहीसे झाले. पेटीला जोडलेले यंत्र पाण्यात गेल्यावर 'टिक टिक' असा ध्वनिसंकेत देते, पण तेव्हा त्याची बॅटरी ३० दिवसांचीच असे. तेवढ्या काळात काही सापडले नाही. फ्रान्सच्या 'बीईए' या तपास संस्थेकडे होते ते विमानाने आपोआप पाठवलेले देखभालीचे २४ संदेश आणि पाण्यावर तरंगलेले काही तुकडे. ते तुकडे खालून चेपलेले होते. त्यावरून विमान हवेत न फुटता पोटावर पाण्यावर आदळले, हे कळले. पण कारण कळेना. जवळपास दोन वर्षांनी, २०११ मध्ये, सुमारे ३,९०० मीटर खोल तळाशी स्वयंचलित पाणबुड्यांना सांगाडा सापडला आणि दोन्ही रेकॉर्डर वर आले. इतक्या काळानंतरही त्यांतील माहिती वाचता आली.

या शोधानंतर ध्वनिसंकेताची मुदत ३० वरून ९० दिवस करण्यात आली. व्हॉइस रेकॉर्डरची क्षमताही अनेक विमानांत दोन तासांचीच असते आणि नवी नोंद जुनी पुसत जाते. म्हणून नव्या विमानांसाठी ती २५ तासांवर नेली जात आहे.

कधी कधी रेकॉर्डरमधली शांतताही बोलते. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' आयर्लंडजवळ कोसळले, ३२९ जण मृत्युमुखी पडले. सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून रेकॉर्डर काढले गेले. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील तज्ज्ञांनीही त्या ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण केले. सगळे सुरळीत चाललेले असताना एक मोठा आवाज आणि मग नोंदच बंद. अवशेषांचा पुरावा आणि हा क्षणार्धाचा आवाज एकत्र ठेवून न्यायमूर्ती कृपाल यांच्या चौकशीने बॉम्बस्फोटाचा निष्कर्ष काढला.

'वैमानिकाची चूक' एवढे पुरेसे का नाही?

मुंबईकरांना जवळचे उदाहरण घेऊ. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'एम्परर अशोक' हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. सुरुवातीला घातपाताची चर्चा होती, मात्र अवशेषांत स्फोटाचा पुरावा मिळाला नाही. रेकॉर्डरवरून कळले ते असे. विमान किती कलले आहे हे दाखवणारे कॅप्टनसमोरचे उपकरण बिघडले होते. विमान सरळ होत असताना ते उजवीकडे कललेलेच दिसत होते. बाहेर काळा समुद्र, क्षितिज दिसत नाही. कॅप्टनने उपकरणावर विश्वास ठेवून विमान डावीकडे वळवत नेले.

चौकशीने वैमानिकाच्या चुकीच्या हालचालींवर बोट ठेवले, ते खरेच होते. पण यंत्र खोटे सांगत असताना माणसाने काय करावे आणि ते त्याला कोणी, कसे शिकवावे, हा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

एअर फ्रान्सच्या बाबतीतही तेच. बर्फाच्या कणांनी वेगमापक नळ्या काही काळ तुंबल्या, ऑटोपायलट सुटला, आणि गोंधळात विमानाचे नाक वर खेचले गेले. पंखांनी उचल गमावली आणि सुमारे साडेचार मिनिटांत विमान समुद्रात गेले. 'नाक का वर खेचले?' एवढ्यावर थांबले असते, तर तपास एका माणसापाशी संपला असता. बीईएने त्यापुढे जाऊन नळ्यांची रचना, धोक्याच्या इशाऱ्यांचे वागणे आणि अतिउंचीवर हाताने विमान चालवण्याचे प्रशिक्षण, या सगळ्यांची तपासणी केली.

मंगळूर (२०१०) आणि कोळिकोड (२०२०) ही आपल्याकडची जोडी या दृष्टीने बोलकी आहे. दोन्ही विमाने एअर इंडिया एक्स्प्रेसची बोइंग ७३७, दोन्ही विमानतळ डोंगरमाथ्यावरचे. दोन्ही वेळा विमान धावपट्टीवर खूप पुढे टेकले आणि कड्यावरून खाली गेले. मंगळूरमध्ये १५८, कोळिकोडमध्ये २१ मृत्यू. मंगळूरची चौकशी निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या नेतृत्वाखाली झाली. सहवैमानिकाने तीनदा 'पुन्हा वर घेऊ या' असे सांगूनही कॅप्टनने उतरणे सोडले नाही, हे थेट कारण अहवालात आले. पण कॅप्टन उड्डाणाचा मोठा भाग झोपला होता, पहाटेची वेळ होती आणि झोपेची गुंगी उतरलेली नव्हती, हेही आले. रडार बंद असल्याने विमानाला खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली, हेही आले.

कोळिकोडच्या अहवालातही प्रमाण कार्यपद्धती न पाळल्याचा ठपका आहे. मुसळधार पाऊस, मागून वारा, कॅप्टनच्या बाजूचा बंद पडलेला वायपर, तरी उतरण्याचा आग्रह का? एएआयबीने शोधले तेव्हा दिसले की कोळिकोडला कॅप्टनची संख्या अपुरी होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण याच कॅप्टनकडे होते. विमान दुसरीकडे वळवले असते, तर ते उड्डाण अडचणीत आले असते. कंपनीचे ड्युटीचे वेळापत्रक असे कॉकपिटमध्ये येऊन बसते.

अंतराळयानाचा तपास वेगळा का?

विमानाच्या एका मॉडेलची लाखो उड्डाणे झालेली असतात, तुलनेला भरपूर माहिती असते. रॉकेटची उड्डाणे मोजकी. अवशेष वातावरणात जळतात, महासागरात पडतात किंवा परत येतच नाहीत. त्यामुळे यानाकडून सतत पृथ्वीवर येणारी माहिती, म्हणजे टेलिमेट्री, हाच अनेकदा मुख्य 'ब्लॅक बॉक्स' असतो.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावलासह सात अंतराळवीरांना घेऊन परतणारे 'कोलंबिया' यान अमेरिकेतील टेक्सासवर विखुरले. २५ हजारांहून अधिक लोकांनी शेते आणि जंगले पिंजून ८४ हजारांवर तुकडे गोळा केले. तरीही वजनाने हे यानाच्या ३८ टक्केच होते. फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्रात जमिनीवर चौकटी आखून प्रत्येक तुकडा यानातील त्याच्या जागेनुसार मांडण्यात आला.

मार्चमध्ये टेक्सासमधील हेम्पहिल गावाजवळ एक पेटी सापडली. कोलंबिया हे ताफ्यातील सर्वात जुने यान, त्यामुळे सुरुवातीच्या चाचण्यांसाठी बसवलेला नोंदणी यंत्रांचा एक संच त्यात तसाच राहिला होता. त्या पेटीतील चुंबकीय फितीने दाखवले की डाव्या पंखाच्या पुढच्या कडेत उष्णता जमिनीवर काही कळण्याआधीच शिरत होती.

संशय होता तो उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील इंधन टाकीवरून सुटलेल्या फोमच्या तुकड्यावर. वजन पाऊण किलोच्या आसपास. थर्माकोलसारखी हलकी वस्तू यानाचा पंख फोडेल, यावर नासातील अनेकांचा विश्वास नव्हता. हा वाद संपवायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे करून बघणे. ७ जुलै २००३ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियोच्या प्रयोगशाळेत तेवढाच फोमचा तुकडा हवेच्या तोफेतून ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने पंखाच्या कडेच्या पॅनेलवर मारण्यात आला. पॅनेलला साधारण १६ इंचांचे भोक पडले.

तांत्रिक कारण सापडले होते. समितीला इथे थांबता आले असते. पण तिने पुढचा प्रश्न विचारला. फोम आदळल्याचे व्हिडीओत दुसऱ्याच दिवशी दिसले होते. मग यान १६ दिवस अंतराळात असताना कोणी काही का केले नाही? उत्तर अस्वस्थ करणारे होते. काही अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रे मिळवण्याची विनंती केली होती, ती वरच्या पातळीवर पुढे गेली नाही. आधीच्या उड्डाणांतही फोम पडला होता आणि याने सुखरूप परतली होती. त्यामुळे फोम पडणे धोक्याऐवजी देखभालीचा विषय झाला. ऑगस्ट २००३ च्या अहवालाने अपघातात फोमइतकाच वाटा नासाच्या कार्यसंस्कृतीचा असल्याचे नोंदवले.

दुखरी बाब म्हणजे १७ वर्षांपूर्वीही हेच झाले होते. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' ७३ सेकंदांत फुटले. बूस्टरच्या जोडातील रबरी कडी थंडीत ताठरली होती. आदल्या रात्री बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी थंडीत उड्डाण नको, असे सांगितले होते. पण आधीच्या उड्डाणांत कड्या झिजूनही निभावले होते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी याला धोक्याचे 'सामान्यीकरण' म्हटले. लोकलच्या दारात रोज लटकून जाणाऱ्याला काही दिवसांनी त्याची भीती वाटेनाशी होते. धोका तेवढाच असतो, फक्त सवय झालेली असते.

काहीच तुटले नसेल तर?

सॉफ्टवेअरच्या युगात ही नवी डोकेदुखी आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे 'एरियन ५' पहिल्याच उड्डाणात सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. त्यात जुन्या 'एरियन ४'चा कोड वापरला होता. एक मोठी संख्या १६ बिटच्या जागेत बसवायची होती, जिथे ३२,७६७ पर्यंतच मावते. नवे रॉकेट वेगवान असल्याने संख्या त्याहून मोठी झाली आणि दिशादर्शक संगणक बंद पडला. पर्यायी संगणकही होता, पण त्यातही तोच कोड. त्यामुळे तोही बंद पडला.

आपल्या इस्रोच्या 'एसएसएलव्ही'चे पहिले उड्डाण ७ ऑगस्ट २०२२ रोजी झाले. इंजिनाच्या तिन्ही टप्प्यांनी काम चोख केले, तरी उपग्रह हाती लागले नाहीत. दुसरा टप्पा सुटताना बसलेल्या हादऱ्याने त्वरणमापक संवेदकांची मर्यादा क्षणभर ओलांडली गेली. संगणकाने सगळेच संवेदक नादुरुस्त ठरवले आणि आपत्कालीन पद्धतीवर गेला. वेग किंचित कमी पडला, कक्षेचे जवळचे टोक ७६ किलोमीटरवर आले आणि उपग्रह टिकले नाहीत. संवेदक धडधाकट होते, ते बिघडले असे मानण्याचा निकष घाईचा होता. टप्पे वेगळे करणारी यंत्रणा आणि हा निकष बदलून १० फेब्रुवारी २०२३ चे दुसरे उड्डाण यशस्वी झाले. दोन्ही उड्डाणांत माणसे नव्हती. 'गगनयान'मध्ये असतील.

सर्वात मोठे आव्हान कोणते?

पहिले आव्हान पश्चातबुद्धीचे. निकाल माहीत असताना सगळ्या चुका उघड दिसतात. त्या क्षणी कॉकपिटमध्ये काय दिसत होते, काय ऐकू येत होते, हे तपासणाऱ्याला नव्याने उभे करावे लागते. दुसरे दबावाचे. कंपनी, उत्पादक, सरकार, विमा, माध्यमे, प्रत्येकाला सोयीचे उत्तर वेगळे असते. म्हणूनच कॉकपिटमधील संभाषण उघड करण्यावर निर्बंध आहेत. अर्धवट बाहेर आलेले एक वाक्य मृत वैमानिकाच्या घरच्यांना आयुष्यभर पुरते.

तिसरे आव्हान अहवालानंतर सुरू होते. तपास संस्था शिफारशी करते, सक्ती करू शकत नाही. शिफारस मिळालेल्या देशाने ९० दिवसांत उत्तर द्यावे, असे आयकाओचे नियम सांगतात. पण उत्तर देणे म्हणजे अंमलबजावणी करणे नव्हे. कॉमेटनंतर विमाने बदलली, एअर फ्रान्सनंतर ध्वनिसंकेताची मुदत वाढली. मात्र चॅलेंजरनंतर कोलंबिया घडले आणि मंगळूरनंतर कोळिकोड.

म्हणून पुढच्या वेळी एखाद्या अपघाताचा अंतिम अहवाल येईल, तेव्हा मथळ्यात चूक कोणाची लिहिली आहे एवढेच पाहू नका. शेवटची पाने उघडा, शिफारशी तिथे असतात. त्यातल्या किती शिफारशी अमलात आल्या, हे वर्षभराने विचारा. पुढच्या विमानात बसणाऱ्यांचा जीव त्यांच्यावर अवलंबून असतो.